अमेरिकेतल्या ग्रामीण हायस्कूलची टक्केवारी कशी वाचायची?

समजा, नेब्रास्का राज्यात एक छोटं गाव आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये दरवर्षीच्या तुकडीत साधारण वीस मुलं असतात. गेल्या वर्षी शाळेचा ग्रॅज्युएशन रेट, म्हणजे चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, ९५ टक्के होता, यंदा तो ८० वर आला. वर्तमानपत्रात मथळा येतो, शाळा-मंडळाच्या बैठकीत आवाज चढतात, मुख्याध्यापकांकडे खुलासा मागितला जातो. घडलंय ते इतकंच: गेल्या वर्षी वीसपैकी एक मूल मागे राहिलं, यंदा चार राहिली. फरक तीन मुलांचा आहे. त्यातल्या एकाचं कुटुंब कामासाठी दुसऱ्या राज्यात गेलं आणि तिथल्या प्रवेशाचा कागद शाळेपर्यंत पोचला नाही. एक मुलगी आजारपणामुळे चाराऐवजी पाच वर्षांत शिक्षण पूर्ण करणार आहे. एकानं मात्र खरोखरच शाळा सोडली. तीन मुलांच्या तीन निरनिराळ्या गोष्टी, आणि कागदावर दिसते ती १५ टक्क्यांची सरसकट घसरण.

हे गाव कल्पित आहे, पण ही अडचण अमेरिकेतल्या हजारो खऱ्या शाळांची आहे. छोट्या शाळेचा एका वर्षाचा आकडा त्या शाळेबद्दल फार थोडं सांगतो. आणि ग्रामीण हायस्कूलमध्ये जे खरोखर उणं असतं, ते बहुतेक वेळा या आकड्यात उतरतच नाही. याच आकड्यांवरून शाळांना शिक्के बसतात, शिक्षकांची उमेद खचते, कधीकधी शाळा बंद करण्याची चर्चा सुरू होते. म्हणून ते कसे तयार होतात हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी थोडी ओळख. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. सरकारी शाळा चालवतं ते स्कूल डिस्ट्रिक्ट. हा महसुली जिल्हा नव्हे. शिक्षणापुरती वेगळी अशी ती स्थानिक संस्था असते. तिचं मंडळ बहुतेक ठिकाणी लोक निवडून देतात, मंडळ सुपरिंटेंडंट, म्हणजे मुख्य अधिकारी, नेमतं, आणि शाळेसाठीचा मालमत्ता कर बहुतेक राज्यांत याच पातळीवर ठरतो. देशात अशी सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्ट्स आहेत. न्यूयॉर्क शहराच्या डिस्ट्रिक्टमध्ये लाखो मुलं शिकतात, हवाई राज्याचं मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे, तर मोंटाना किंवा नेब्रास्कात बालवाडीपासून बारावीपर्यंतचा पट शे-दोनशेवर संपतो अशीही डिस्ट्रिक्ट्स आहेत. निम्म्याहून जास्त डिस्ट्रिक्ट्स ग्रामीण आहेत, पण सरकारी शाळांतल्या एकूण मुलांपैकी ग्रामीण शाळांत शिकणारी मुलं पाचव्या हिश्श्याच्या आसपासच आहेत. म्हणजे संस्था पुष्कळ आणि प्रत्येकीत मुलं थोडी.

'ग्रामीण' हा शब्दही सरसकट वापरण्याजोगा नाही. केंद्र सरकारची शैक्षणिक आकडेवारी संस्था ग्रामीण शाळांचे तीन प्रकार करते: शहराच्या कडेच्या, मध्यम अंतरावरच्या आणि दुर्गम. मोठ्या शहरी वस्तीपासून २५ मैलांहून, म्हणजे ४० किलोमीटरहून लांब आणि लहान शहरापासूनही १० मैलांहून लांब असलेली शाळा दुर्गम धरली जाते. कडेवरच्या शाळेत शहरात नोकरी करणाऱ्यांची मुलं असतात, दुर्गम शाळेत शेतकऱ्यांची, खाणकामगारांची, लाकूडतोड्यांची. पश्चिम टेक्सासमध्ये तेल लागलेल्या भागातली काही ग्रामीण डिस्ट्रिक्ट्स चांगली श्रीमंत आहेत, तर मिसिसिपी नदीकाठच्या 'डेल्टा' म्हटल्या जाणाऱ्या भागातली आणि अॅपलाचियन डोंगरातली पिढ्यान्‌पिढ्या गरीब. या सगळ्यांची एकच सरासरी काढली, तर ती त्यातल्या कुणाचीच नसते.

थोडी मुलं, मोठे हेलकावे

नाणं दहा वेळा उडवलं आणि सात वेळा छापा पडला, तर कुणाला नवल वाटत नाही. हजार वेळा उडवून सातशे छापे पडले, तर नाण्यातच खोट आहे हे नक्की. नमुना लहान असला की निव्वळ योगायोगानं आकडा खूप वरखाली होतो. मोठा असला की तो स्थिर राहतो. शाळांना हाच नियम लागू पडतो.

हिशेब करून पाहू. समजा, दोन शाळा अगदी सारख्या चांगल्या आहेत आणि दोन्हीकडे प्रत्येक मुलाची चार वर्षांत शिक्षण पूर्ण होण्याची शक्यता ८५ टक्के आहे. एका शाळेत वर्षाला वीस मुलं, दुसरीत चारशे. वीसच्या तुकडीचा निकाल कुणाच्याही चुकीविना किंवा कर्तबगारीविना ७७ ते ९३ टक्क्यांदरम्यान हलत राहतो, आणि दर तीन वर्षांतून एखाद्या वर्षी त्याच्याही बाहेर जातो. चारशेच्या तुकडीचा हाच हेलकावा ८३ ते ८७ एवढाच असतो. आता या दोघींना राज्याच्या एकाच यादीत क्रमानं लावलं, तर छोटी शाळा एका वर्षी वर झळकेल, दुसऱ्या वर्षी तळाला दिसेल, आणि मोठी शाळा मधेच कुठेतरी राहील. शिकवणं मात्र दोन्ही वर्षी तेच होतं.

थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थशास्त्रज्ञांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या शाळांच्या गुणांवर २००२ च्या सुमारास हेच दाखवून दिलं. राज्याची बक्षिसं मिळवणाऱ्यांत छोट्या शाळांचा भरणा होता, आणि सर्वांत वाईट ठरलेल्यांतही छोट्याच शाळा जास्त होत्या. फक्त यादीचं वरचं टोक पाहणाऱ्याला वाटतं की छोटी शाळा म्हणजे उत्तम शाळा. फक्त खालचं टोक पाहणारा बरोबर उलटा निष्कर्ष काढतो. दोघेही योगायोगाला गुणवत्ता समजून बसतात.

या गैरसमजाची किंमत मोठी असू शकते. २००० नंतरच्या दशकात गेट्स फाउंडेशननं हायस्कूल सुधारण्यासाठी सुमारे २०० कोटी डॉलर दिले. मोठ्या हायस्कूलचे तुकडे करून छोट्या शाळा उभारणं हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. २००९ च्या वार्षिक पत्रात बिल गेट्स यांनी मान्य केलं की त्यांपैकी बऱ्याच शाळांत मुलांच्या शिक्षणात म्हणण्यासारखी सुधारणा झाली नाही. न्यूयॉर्क शहरातल्या काही नव्या छोट्या हायस्कूलांनी पुढे चांगले निकाल दाखवले, हेही खरं. पण तिथे शिकवण्याची पद्धत, शिक्षकांची निवड, मुलांवरचं लक्ष असं पुष्कळ काही सोबत बदललं होतं. नुसता पट कमी करून शाळा सुधारत नाही.

कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊकच नाही असं नाही. २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्यानुसार ज्या हायस्कूलमध्ये तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त मुलं शिक्षण पूर्ण करत नाहीत, त्या हायस्कूलला राज्यानं सुधारणेच्या यादीत घ्यावं लागतं. पण एकूण पट शंभरहून कमी असेल, तर सुधारणेच्या सक्तीतून सूट देण्याची मुभा राज्याला ठेवलेली आहे. शिवाय एखाद्या गटात फारच थोडी मुलं असली, तर त्या गटाचा निकाल राज्य छापत नाही. किमान किती मुलं हवीत ते राज्य ठरवतं. १०, २० किंवा ३० असे आकडे दिसतात. यामागे मुलांची ओळख उघड होऊ नये ही रास्त काळजी आहे. पण तिचा एक परिणाम मला फार खटकतो. गावातल्या शाळेत अपंगत्व असलेली सहा मुलं आहेत, इंग्रजी शिकत असलेली आठ आहेत. त्यांच्या रकान्यात आकड्याऐवजी फक्त तारांकन दिसतं. मोठ्या शाळेत अशा मुलांची आबाळ झाली तर निदान कागदावर दिसते. छोट्या शाळेत ती वर्षानुवर्षं सार्वजनिक हिशेबात येतच नाहीत.

भाजकात कोण, याचा हिशेब

ग्रॅज्युएशन रेट म्हणजे बारावीच्या परीक्षेचा निकाल नव्हे. सगळ्या देशाची अशी एक परीक्षाच तिथे नाही. नववीत पहिल्यांदा आलेली सगळी मुलं घ्यायची, पुढच्या चार वर्षांत बाहेरून आलेली मिळवायची, दुसऱ्या शाळेत गेलेली, परदेशी गेलेली आणि मरण पावलेली वजा करायची, आणि जे उरले त्यांच्यापैकी कितीजणांना चार वर्षांत नियमित डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, मिळाला ते मोजायचं. ही पद्धत २०१०-११ पासून देशभर आली. त्याआधी प्रत्येक राज्य आपापल्या सोयीनं मोजत असे, त्यामुळे ही सुधारणा मोलाचीच होती. २०२१-२२ मध्ये देशाचा दर ८७ टक्के होता.

मेख आहे ती 'वजा करायची' या शब्दांत. मूल दुसरीकडे शिकायला गेलं, एवढं शाळेनं सांगून चालत नाही. त्याचा लेखी पुरावा हवा. शहरातल्या मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये या कामाला माणसं नेमलेली असतात. गावच्या शाळेत एकच कारकून हजेरी, बसचे मार्ग, जेवणाची बिलं आणि दाखले सांभाळतो. हंगामी शेतमजुरांचं कुटुंब पीक निघाल्यावर रातोरात पुढच्या राज्यात जातं, फोन नंबर बदलतो, आणि नव्या शाळेचा कागद येत नाही. ते मूल कदाचित दुसरीकडे रोज वर्गात बसत असेल. जुन्या शाळेच्या हिशेबात ते गळती म्हणूनच धरलं जातं. वीसच्या तुकडीत अशा प्रत्येक न आलेल्या कागदाची किंमत पाच टक्के.

ज्यांनी शाळा सोडून पुढे हायस्कूलशी समकक्ष जीईडी परीक्षा दिली, तेही या आकड्यात नापासांसारखेच गणले जातात. पाचव्या वर्षी डिप्लोमा मिळवणारेही चार वर्षांच्या दरात येत नाहीत. त्यांच्यासाठी पाच वर्षांचा वेगळा दर बरीच राज्यं काढतात. गावची शाळा तपासताना तो जरूर पाहावा. चार आणि पाच वर्षांच्या दरांत मोठं अंतर असेल, तर त्या शाळेनं मागे पडलेल्यांना सोडून दिलेलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. मला तरी ही जमेची बाजू वाटते.

परीक्षांचे गुण

केंद्राच्या कायद्यानुसार गणित आणि वाचनाची परीक्षा तिसरी ते आठवी दरवर्षी होते, पण हायस्कूलमध्ये फक्त एकदा. म्हणजे चार वर्षांच्या शिक्षणाचा निवाडा बहुधा एकाच परीक्षेवर. प्राथमिक शाळेत मूल गेल्या वर्षी कुठे होतं आणि यंदा कुठे आलं, हे तरी पाहता येतं. हायस्कूलमध्ये अशी प्रगती मोजायला आठवीच्या गुणांशी तुलना करावी लागते, आणि त्यातून येणारं चित्र बरंच पुसट असतं. मग उरतो तो नुसता गुणांचा स्तर. आणि हा स्तर शाळेपेक्षा घरच्या परिस्थितीबद्दल जास्त बोलतो. १९६६ च्या कोलमन अहवालानं मुलांच्या गुणांवर घरच्या पार्श्वभूमीचा केवढा प्रभाव असतो हे दाखवलं, आणि पुढच्या अभ्यासांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा पक्की केली.

मग गरिबीचा विचार करून तुलना करावी म्हटलं, तर तिथेही खड्डा आहे. शाळेतली गरिबी मोजायला मोफत किंवा सवलतीच्या जेवणाचा आकडा वापरण्याची जुनी पद्धत आहे. पण २०१४ पासून देशभर अशी सोय झाली की गरीब मुलांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेली शाळा सगळ्याच मुलांना मोफत जेवण देऊ शकते. मुलांच्या दृष्टीनं ही फार चांगली गोष्ट झाली; कुणाच्या ताटावर गरिबीचा शिक्का उरला नाही. पण आकडेवारीत अशा शाळेत कधीकधी १०० टक्के मुलं गरीब असल्याचं दिसतं, आणि मध्यम गरीब शाळा व अत्यंत गरीब शाळा यांतला फरक पुसला जातो.

एसीटी आणि एसएटी या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षांची सरासरी वाचताना किती मुलांनी परीक्षा दिली ते आधी पाहावं. मिसिसिपीसारख्या राज्यात अकरावीच्या सगळ्याच मुलांना एसीटी द्यावी लागते. जिथे फक्त कॉलेजला निघालेली मुलंच ती देतात, तिथली सरासरी आपोआप उंच दिसते. सगळ्यांना परीक्षेला बसवणाऱ्या शाळेची सरासरी कमी आली म्हणून तिला दोष देणं अन्यायाचं आहे.

डिप्लोमा हातात, पुढे काय?

आता या विषयाच्या गाभ्याशी येऊ. अमेरिकेच्या ग्रामीण शाळांचा ग्रॅज्युएशन रेट एकंदरीत मोठ्या शहरांपेक्षा चांगला आहे. वाचन-गणिताच्या राष्ट्रीय चाचण्यांतही ग्रामीण मुलं शहरांतल्या मुलांपेक्षा सरासरीनं पुढे आणि उपनगरांतल्या मुलांपेक्षा मागे असतात. म्हणजे आकडे पाहिले तर चिंतेचं फारसं कारण दिसत नाही. तरीही हायस्कूल संपल्यावर लगेच कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण ग्रामीण भागात उपनगरांच्या मानानं स्पष्टपणे कमी आहे.

याची कारणं पुष्कळ आहेत. सगळ्यात जवळचं कॉलेज दोन तासांवर असू शकतं. घरची शेती किंवा धंदा असतो. हायस्कूलनंतर वेल्डिंग, ट्रक चालवणं, वीजतंत्री अशा कामांत बरा पगार मिळतो, आणि ते निवडण्यात कमीपणा मुळीच नाही. पण एक कारण शाळेच्या आतलं आहे, आणि ते कुठल्याच मुख्य आकड्यात दिसत नाही: शाळेत कोणते विषय शिकायला मिळतात.

उपनगरातल्या दोन हजार मुलांच्या हायस्कूलमध्ये कॅल्क्युलसचे दोन-तीन वर्ग असतात, भौतिकशास्त्र दोन पातळ्यांवर शिकवलं जातं, तीन-चार परदेशी भाषा असतात, आणि कॉलेजच्या दर्जाचे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट अभ्यासक्रम डझनांनी असतात. ऐंशी मुलांच्या गावच्या हायस्कूलमध्ये अनेकदा एकच विज्ञानशिक्षक असतो. तो सकाळी जीवशास्त्र, मग रसायन, दुपारी आठवीचं विज्ञान शिकवतो आणि संध्याकाळी बास्केटबॉलच्या संघाला घेऊन मैदानावर जातो. दिवसाला पाच-सहा वेगवेगळ्या तासांची तयारी करावी लागणारे असे शिक्षक मला या सगळ्या व्यवस्थेचा कणा वाटतात. पण कॅल्क्युलस घ्यायला फक्त दोनच मुलं तयार असतील, तर त्यांच्यासाठी तो वेगळा तास कुठून काढणार? मग ती दोन मुलं हुशार असूनही कॅल्क्युलस न शिकताच इंजिनीअरिंगला जातात आणि पहिल्या सत्रातच धापा टाकतात. शाळेच्या निकालपत्रात याची नोंद कुठेच नसते. दोघांनीही वेळेत डिप्लोमा घेतला, म्हणजे दोघंही यशस्वी.

शिक्षक मिळणं ही तर कायमची ओढाताण. पगार शहरापेक्षा कमी, गावात भाड्यानं घर मिळत नाही, जोडीदाराला नोकरी नाही. विज्ञान, गणित आणि विशेष शिक्षण या विषयांत जागा महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात, किंवा पूर्ण प्रशिक्षण नसलेल्यांना तात्पुरत्या परवान्यावर नेमावं लागतं. एकच गणिताचा शिक्षक असलेल्या शाळेत तो सोडून गेला, तर शाळेचा गणित विभागच गेला.

यावर वाटा निघाल्या आहेत. जवळच्या कम्युनिटी कॉलेजशी (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या स्थानिक सरकारी कॉलेजशी) करार करून हायस्कूलमध्येच कॉलेजचे विषय घेता येतात आणि त्यांचे गुण दोन्हीकडे धरले जातात. अॅलाबामा, मोंटाना अशा राज्यांनी सरकारी पातळीवर ऑनलाइन वर्ग उभे केले, जेणेकरून गावातल्या एकट्या मुलीलाही भौतिकशास्त्र घेता यावं. पण नुसता संगणक देऊन हे भागत नाही. खोलीत बसून अडलेलं विचारता येईल असं मोठं माणूस हवं, आणि घरी इंटरनेट चालायला हवं.

पैसा कुठून येतो

सरकारी शाळांच्या एकूण उत्पन्नात केंद्राचा वाटा साधारणपणे दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. उरलेलं राज्य आणि स्थानिक कर मिळून जवळपास निम्मं-निम्मं उचलतात. स्थानिक म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर. इथे गावाचं नशीब जमिनीच्या किमतीला बांधलेलं असतं. पाचशे मुलांच्या एका डिस्ट्रिक्टमध्ये करपात्र मालमत्ता १० कोटी डॉलरची आहे असं धरा. दर हजार डॉलरमागे एक डॉलर कर वाढवला, तर वर्षाला एक लाख डॉलर येतात, म्हणजे मुलामागे २०० डॉलर. शाळेची एक मोठी नवी बस घ्यायलाही ते एक लाख पुरतीलच असं नाही. जिथे तेवढ्याच मुलांमागे मालमत्ता १०० कोटींची आहे, तिथे तेवढ्याच करातून मुलामागे २,००० डॉलर उभे राहतात. गरीब गावानं जास्त दरानं कर भरूनही पैसा कमीच पडतो, तो यामुळे. राज्याची मदत ही दरी बरीच भरून काढते, पण किती, ते राज्याराज्यावर अवलंबून आहे. पश्चिमेकडच्या राज्यांत तर मोठमोठी जंगलं केंद्र सरकारच्या मालकीची. त्यांवर कर लावताच येत नाही. त्याची भरपाई म्हणून १९०८ पासून लाकूडविक्रीचा चौथा हिस्सा रस्ते आणि शाळांना मिळत असे. १९९० नंतर लाकूडतोड घटली, तसा हा झराही आटला, आणि २००० साली काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, ग्रामीण शाळांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

नव्या इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे तर बहुतेक राज्यांत मतदान घ्यावं लागतं. आयडाहोत त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात. साठ टक्के गाव 'हो' म्हणालं तरी गळकं छप्पर तसंच राहतं.

न्यायालयात हा प्रश्न जुना आहे. १९७३ मध्ये टेक्सासच्या रॉड्रिगेझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून लढाई राज्यांच्या घटनांच्या आधारे चालते. १९८९ मध्ये केंटकीतल्या ६६ डिस्ट्रिक्ट्सचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला आणि राज्याची अख्खी शिक्षणव्यवस्था घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला आणि डोंगराळ पूर्व केंटकीतल्या गरीब शाळांना पहिल्यांदा पुरेसा पैसा दिसू लागला.

आर्कान्सॉमधली कहाणी मात्र जिवाला लागणारी आहे. डेल्टातल्या लेक व्ह्यू नावाच्या छोट्या, गरीब डिस्ट्रिक्टनं १९९२ मध्ये पैशाच्या विषमतेविरुद्ध राज्यावर खटला भरला. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. निकाल पाळण्यासाठी विधिमंडळानं पैसा वाढवला, आणि त्याच झपाट्यात साडेतीनशेहून कमी पटाच्या डिस्ट्रिक्ट्सना दुसऱ्यांत विलीन करण्याचा कायदाही केला. लेक व्ह्यूचा पट त्याहून कमी होता. २००४ मध्ये ते शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन झालं. ज्यांनी खटला जिंकला त्यांचीच संस्था गेली. पुढे २०१५ मध्ये या कायद्यात सवलतीची तरतूद करण्यात आली.

विलीनीकरणाला माझा सरसकट विरोध नाही. १९४० च्या सुमारास देशात १ लाख १७ हजार डिस्ट्रिक्ट्स होती. त्यांतल्या कितीतरी एकखोली शाळा होत्या, आणि त्या एकत्र आल्या म्हणूनच खेड्यांतल्या मुलांना हायस्कूल मिळालं. मोठ्या शाळेत कॅल्क्युलसचा वर्ग भरतो हेही खरं. पण मूल पहाटे काळोखात बसमध्ये चढून तास-तास प्रवास करणार असेल, संध्याकाळच्या संघात किंवा नाटकात थांबू शकणार नसेल, तर त्या वर्गाचा त्याला काय उपयोग? निर्णय घेताना प्रवासाची मिनिटंही तेवढ्याच काळजीनं मोजायला हवीत. एका वर्षाच्या टक्केवारीवरून तर तो मुळीच घेऊ नये.

अलीकडे आठवड्याला चारच दिवस शाळा भरवण्याचा मार्गही पसरला आहे. कोलोरॅडोत निम्म्याहून जास्त डिस्ट्रिक्ट्सनी तो धरला आहे, मिसूरीत सुमारे तिसऱ्या हिश्श्यानं. यातून पैशाची बचत फार थोडी होते. खरा हेतू शिक्षक टिकवण्याचा असतो. जिथे शिकवण्याचे एकूण तास घटले तिथे गुणही काहीसे घसरल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा दिवस किती यापेक्षा तास किती, हे विचारावं.

निकालपत्र हातात आल्यावर

प्रत्येक राज्य शाळावार निकालपत्र प्रसिद्ध करतं. ग्रामीण हायस्कूलचं निकालपत्र वाचताना टक्केवारीच्या आधी पट पाहा. तुकडी पन्नासहून लहान असेल, तर किमान तीन आणि जमलं तर पाच वर्षांची मुलं एकत्र करून मग भागाकार करा. टक्क्यांऐवजी माणसं मोजा: 'शंभरपैकी ८८' असं म्हटलं की उरलेली बारा कोण होती, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. शाळा-मंडळाच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. १९७४ च्या गोपनीयता कायद्यामुळे तिथे मुलांची नावं घेता येत नाहीत, पण पाच वर्षांत किती मुलं कागद न मिळाल्यामुळे गळतीत धरली गेली, किती पाचव्या वर्षी पूर्ण झाली, किती कामाला लागली, हे मंडळाला विचारता येतं आणि विचारायला हवं.

गैरहजेरीचा रकाना सोडू नका. वर्षातले १० टक्के दिवस, म्हणजे १८० पैकी १८ दिवस, बुडवणाऱ्या मुलांचं प्रमाण बहुतेक राज्यं देतात, आणि शाळा सोडण्याच्या फार आधी धोका तिथे दिसू लागतो. एखाद्या वर्षी हा आकडा चढला, तर बसचा मार्ग बदलला होता का, इथून चौकशी सुरू करावी.

शाळेत कोणते विषय शिकवले जातात, हे राज्याच्या निकालपत्रात नसलं तर केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाच्या माहितीसाठ्यात मिळतं. देशातल्या प्रत्येक सरकारी शाळेत कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे वर्ग आहेत का, त्यांत किती मुलं आहेत, किती शिक्षक पूर्ण पात्र आहेत, हे तिथे शाळेच्या नावावर शोधता येतं. गावच्या हायस्कूलचं नाव तिथे घाला आणि गणिताच्या रकान्यापासून सुरुवात करा.